‘चा-ची-चे दिसलं की अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस’ हा नियम पाठ करू नका

इंग्रजीत मालकी कशी दाखवायची हे तीन ओळींत शिकवणारा एक तक्ता गेले कित्येक दिवस मोबाइलवर फिरतोय. पहिली ओळ : मराठीत चा-ची-चे आलं की इंग्रजीत अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस (’s, म्हणजे वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखं चिन्ह आणि एस) लावा. दुसरी : हे चिन्ह फक्त सजीवांना, निर्जीवांना नेहमी ‘ऑफ’. तिसरी : अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस हे ‘हिज’चं लघुरूप आहे. मी इंग्रजी शिकवते आणि या तक्त्यातून आलेल्या चुका रोज तपासते, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात जास्त नुकसान पहिली ओळ करते. एका विद्यार्थिनीने तक्ता वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला होता. आत तिचं वाक्य होतं, ‘धिस इज गोल्ड’स रिंग.’ नियम तिने अगदी प्रामाणिकपणे पाळला होता. पण ‘सोन्याची अंगठी’ यात सोनं काही अंगठीचं मालक नाही. आपली षष्ठी, म्हणजे हेच चा-ची-चे, मालकीशिवाय पुष्कळ कामं करते. ती अंगठी कशाची बनली आहे ते सांगते, वय सांगते, उपयोग सांगते. इंग्रजी या प्रत्येकाला वेगळी वाट देते : गोल्ड रिंग, टेन-यीअर-ओल्ड बॉय, ड्रिंकिंग वॉटर. एकातही अ‍ॅपॉस्ट्रॉफी नाही.

उलट बाजूनेही नियम कोसळतो, आणि ही बाजू फारसं कुणी सांगत नाही. ‘त्याने खिशात हात घातला.’ या वाक्यात चा-ची-चे कुठेच नाही. हात त्याचाच, खिसाही त्याचाच, हे मराठीत न सांगता कळतं. इंग्रजीत मात्र ‘ही पुट हिज हँड इन हिज पॉकेट’, म्हणजे दोनदा ‘हिज’. आमची मुलं ‘ही पुट हँड इन पॉकेट’ लिहितात ती याच कारणाने. शोधायला चा दिसतच नाही, मग ती काय लावणार?

‘हॅव’चंही तसंच. मला भाऊ आहे, माझ्याकडे पेन आहे, तिला ताप आहे, टेबलाला चार पाय आहेत. मराठीत कुठे ला, कुठे कडे. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ चालतं. तक्त्यात या शब्दाचा उल्लेखसुद्धा नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र मराठी मुलांच्या बाजूची आहे. ‘त्याची आई’, ‘तिची आई’ असं म्हणताना मालक पुरुष की बाई हे आपण आधीच वेगळं करतो. हिंदीच्या ‘उसकी माँ’त ते कळत नाही. म्हणून ‘हिज मदर’ आणि ‘हर मदर’ आपल्याला सोपं जायला हवं. फक्त एवढंच सांगायचं : त्या किंवा ति बघा, पुढचा ची विसरा.

दुसऱ्या ओळीत अर्धं तथ्य आहे. माणसं आणि प्राणी यांना अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस जास्त लागतो, हे खरं. ‘नेहमी’ हा शब्द खोटा आहे. टुडे’स न्यूजपेपर, टू वीक्स’ लीव्ह, द अर्थ’स सरफेस, द कंपनी’स प्रॉफिट ही सगळी रोजची, शुद्ध इंग्रजी आहे. निर्जीवांना तिसरी वाटही असते, नुसती दोन नामं शेजारी ठेवायची : टेबल लेग, कार डोअर. आणि ‘ऑफ’ माणसांनाही लागतो. ‘आईचा फोटो’ घ्या. फोटोत आई दिसत असेल तर ‘अ फोटो ऑफ माय मदर’. ‘माय मदर’स फोटो’ म्हटलं तर तो तिच्या मालकीचा किंवा तिने काढलेलाही असू शकतो. मराठीत एकाच शब्दात मावलेला हा फरक मुलांना दाखवला की त्यांचे डोळे चमकतात. तो तक्त्याने पुसून टाकला.

‘हिज’ची गोष्ट जुनी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या लोकांचाही तसा समज होता आणि काही जण ‘किंग’स’ऐवजी ‘द किंग हिज’ असं लिहीतही. पण ‘क्वीन’पुढे ‘हिज’ कसा येईल? हा एस आला जुन्या इंग्रजीतल्या ‘एस्’ (es) या षष्ठीच्या प्रत्ययातून. सोळाव्या शतकात फ्रेंचच्या वळणाने अ‍ॅपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आला. तो गळलेल्या अक्षराची जागा दाखवायचा. पुढे गळालेल्या ‘ई’च्या जागी तो मालकीची खूण म्हणून रुळला.

हिज, हर्स, इट्स या सर्वनामांना तो लागत नाही. ‘इट्स’मध्ये चिन्ह दिसलं की ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असं वाचून बघा. वाक्य जुळत नसेल तर चिन्ह खोडा.