चकली तीनशेची, कुरिअर तीनशे अठराचं

दिवाळीचा फराळ ऑनलाइन विकायचं ठरवलंत ना? मग शिपिंग चार्जचा विचार अगदी शेवटी करा. आधी लोगो, मग लेबल, मग रांगोळीच्या कडेला मांडलेल्या चकल्यांचे फोटो. कुरिअरवाला दाराशी येऊन उभा राहिला की आकडा आपोआप सुचतो. साठ म्हणा.

वजन करायचंच असेल तर नुसत्या चकलीचं करा. डबा, बबल रॅप, खोका, ब्राऊन टेप यांना आपण पॅकिंग म्हणतो, कुरिअरवाले वजन म्हणतात. म्हणू देत. दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी लागतो आणि काटा 510 ग्रॅमवर गेला की एक किलोचे पैसे पडतात, हे पहिल्या बिलात कळतंच.

खोका मात्र ऐसपैस घ्या. घरात मिक्सरचा पडलाय ना, 30 बाय 25 बाय 15 सेंटिमीटरचा? तोच. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करतात, त्याला बहुतेक ठिकाणी 5000 ने भागतात आणि येईल ते किलो समजतात. हे व्हॉल्युमेट्रिक वजन. ते आणि काट्यावरचं, यातलं जे जास्त त्याचे पैसे. तुमचा खोका भरतो 2.25 किलो, म्हणजे टप्पा अडीचचा. आत चकली अर्धा किलो, बाकी पुण्याची हवा. 22 बाय 16 बाय 12 च्या खोक्यात हीच चकली बसली असती आणि एका किलोत भागलं असतं, पण असल्या कद्रूपणाने का ब्रँड उभा राहतो?

आता उरलेल्या जागेत रद्दी कोंबा. चांगली दाबून, झाकण आणि बाजू फुगेपर्यंत. कुरिअरच्या हबवरचं, म्हणजे पार्सलं जमा होतात तिथलं, मशीन फुगवट्यासकट मोजतं. तिन्हीकडून दोन-दोन सेंटिमीटर वाढले की 32 बाय 27 बाय 17, म्हणजे 2.94 किलो, आणि टप्पा तीनचा. अर्ध्या किलोला 45 रुपये धरा. सहा टप्प्यांचे 270, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 318 रुपये 60 पैसे. गिऱ्हाइकाकडून घेतलेत साठ. वजनावर हरकत घ्यायची तर काट्यावरच्या आणि मोजपट्टी लावलेल्या बंद खोक्याचे फोटो मुदतीत द्यावे लागतात. फोटो तुमच्याकडे आहेतच, फक्त ते रांगोळीच्या कडेचे आहेत.

‘संपूर्ण भारतात फक्त 60 रुपये’ हे मोठ्या अक्षरांत लिहा. झोन वगैरे बघू नका. शहरातल्या शहरात सगळ्यात स्वस्त, ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीर सगळ्यात महाग, हे रेटकार्डवर असतं, पण ते वाचायला चष्मा शोधावा लागतो. कोथरूडहून कर्वेनगरला साठ रुपये कोण देणार? ती बाई स्कूटरवर येऊन डबा घेऊन जाईल. साठ रुपये आनंदाने भरेल तो गुवाहाटीचा मराठी माणूस, आणि मित्रांनाही सांगेल.

हे नको असेल तर ‘फ्री शिपिंग’ करा. भाडं पाकिटाच्या किमतीत घाला, म्हणजे चार पाकिटं घेणारा एकाच खोक्याचं भाडं चारदा भरेल. त्याने हिशेब विचारला की ‘अहो, शिपिंग फ्री आहे’ एवढंच म्हणा. किंवा भाव फक्त इनबॉक्समध्ये सांगा आणि डिलिव्हरी चार्ज अगदी शेवटी, पैसे भरायच्या वेळी काढा. ई-कॉमर्सचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम डिलिव्हरी चार्जसह एकूण किंमत दाखवायला सांगतात, आणि 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी ही युक्ती ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांच्या, यादीत घातली आहे. बघा, तुमच्या कल्पकतेची सरकारदरबारी नोंद आहे.

आणि कॅश ऑन डिलिव्हरी ठेवाच. त्याचे पैसे कुरिअरवाला वेगळे लावतो, ते गिऱ्हाइकाला सांगून दिवाळीत कशाला वाईट व्हायचं? पार्सल पोचेपर्यंत पाडवा झालेला असतो, गिऱ्हाईक फोन उचलत नाही, कुरिअरवाला दोन-तीन चकरा मारतो आणि खोका परत फिरतो. परतीचं भाडं तुमचंच. जातानाचं तर तुमचंच होतं. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तो दाराशी येईल. उघडून बघा, चकलीची पुन्हा भाजणी झालेली असेल.