चोवीस अश्वशक्तीचे प्रकरण

बँकेत मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतली ११ वर्षे शेतीकर्ज विभागात काढली. या काळात किती ट्रॅक्टर माझ्या सहीने शेतकऱ्यांच्या अंगणात गेले आणि किती माझ्याच सहीने शोरूमच्या दारात अडून राहिले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. मात्र ट्रॅक्टर या वस्तूशी माझा परिचय चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी पुस्तकावरची नजरगहाणाची नोंद एवढ्या तीन अवयवांपुरताच होता, हे मला निवृत्तीनंतर, म्हणजे स्वतःसाठी एक ट्रॅक्टर घेण्याची बुद्धी झाली तेव्हा कळले.

ही बुद्धी होण्यास एक वाट कारण झाली. पौडच्या पुढे, मुळशीच्या अंगाला आमचा २८ गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट आहे आणि त्यावर एक बैठे घर आहे. फाटकापासून घरापर्यंत २६० फुटांचा चढ असून त्यावर मुरमाचा रस्ता आहे, असे आम्हाला प्लॉट विकणाऱ्याने सांगितले होते. प्रत्यक्षात मुळशीचा पाऊस आणि आमच्या गाडीची चाके यांनी मिळून त्या मुरमात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. जून ते सप्टेंबर पाणी या चाकोऱ्यांतून खाली येई, येताना मुरूम घेऊन येई आणि तो फाटकाशी असा रचून ठेवी की ऑक्टोबरात आपल्याच घरात शिरण्यापूर्वी घमेले आणि फावडे हाती घ्यावे लागे. चाकोरी न सोडणे हा बँकेत माझा गुण समजला जात असे. येथे मात्र चाकोरीतून गेले की गाडीचे पोट घासत असे.

जेसीबी बोलावण्याचा मार्ग आम्ही आधी करून पाहिला. दिवाळीनंतर येतो म्हणालेला गृहस्थ होळीला आला आणि त्याने अर्ध्या तासात वाट इतकी सपाट केली की वाटेवरचा निम्मा मुरूम शेजारच्या भातखाचरात जाऊन पडला. तो मुरूम परत आणण्यासाठी पुन्हा मजूर लावावे लागले. त्या संध्याकाळी, कोथरूडच्या घरी चहा पिताना, मी छोटा ट्रॅक्टर घेण्याचा निर्णय जाहीर केला. सौभाग्यवतींनी “बरं” असे म्हटले. त्या ‘बरं’चा अर्थ मला ३५ वर्षांच्या संसारानंतर नीट कळतो, म्हणून मी घाईघाईने वही काढून हिशेब मांडला. जेसीबीचे भाडे तासाला १,३०० रुपये, वर्षातून दोनदा प्रत्येकी तीन तास, म्हणजे ७,८०० रुपये. ट्रॅक्टर आणि अवजारे मिळून सहा लाख. भागाकार केला तेव्हा उत्तर ७७ वर्षे आले. माझे वय तेव्हा ६३ असल्यामुळे वयाच्या १४० व्या वर्षी मी ना नफा ना तोटा या स्थितीला पोहोचणार होतो. मी ते पान फाडले आणि हिशेब तोंडी करणे अधिक चांगले, असे ठरवले.

डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरते, तिथे मी भाच्याला घेऊन गेलो. भाचा संगणकातला असल्यामुळे त्याने आधीच एक तक्ता करून आणला होता आणि त्यात ११ अश्वशक्तीच्या स्वराज कोडपासून १५ च्या महिंद्रा युवराजपर्यंत आणि पुढे २४ च्या महिंद्रा जिवो व कुबोटा निओस्टारपर्यंत सगळी मंडळी रांगेत उभी केली होती. आमच्यासारख्यांच्या गाडीत ९० अश्वशक्ती सहज असते, त्यामुळे ११ हा आकडा ऐकून मला त्या यंत्राची कीव आली. विक्रेत्याने माझी समजूत घातली की गाडीची ताकद पळण्यात खर्च होते आणि ट्रॅक्टरची ओढण्यात. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीपेक्षाही हळू जातो आणि म्हणूनच तो ओढतो, हे त्याने इतक्या आदराने सांगितले की मला आमच्या मुख्य कार्यालयाची आठवण झाली.

त्यानंतर त्याने विचारले, “सर, सातबारा आहे ना?” मी म्हणालो की उतारा आहे, पण जमीन बिगरशेती आहे आणि मी शेतकरी नाही. त्याचा चेहरा पाहून मला एकदम घरच्यासारखे वाटले, कारण ११ वर्षे हाच चेहरा मी स्वतः करत आलो होतो. शेतजमिनीचा सातबारा आणि आठ-अचा खातेउतारा नसलेल्या माणसाला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे अनुदान नाही, हे त्याने हळुवारपणे सांगितले. मी हे वाक्य इतक्या हळुवारपणे कधी म्हटल्याचे मला आठवत नाही.

खरा घोळ पुढे होता. मला वाटत होते की अश्वशक्ती हा एक आकडा असतो. तो दोन असतो: एक इंजिनाचा आणि दुसरा पीटीओचा, म्हणजे मागच्या ज्या फिरत्या दांड्यावर रोटाव्हेटर किंवा गवत कापायचा स्लॅशर चालतो त्या दांड्यापर्यंत पोहोचणारा, आणि दुसरा नेहमी पहिल्यापेक्षा कमी असतो, जसे ढोबळ पगार आणि हातात येणारा पगार. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, अशी माहिती मी १५ दिवस येईल त्याला सांगत होतो. मग कोणीतरी लक्षात आणून दिले की वाट सपाट करणाऱ्या पात्याला या दांड्याशी काही देणेघेणेच नसते. ते पाते मागे लटकते आणि ओढले जाते. त्याला लागते ते ट्रॅक्टरचे वजन आणि टायरची पकड, म्हणजे माझ्या कामापुरता हलका ट्रॅक्टर हा ताकदवान असूनही जागच्या जागी चाके फिरवत बसणारा कर्मचारी ठरला असता. वजन कमी पडले तर मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, हेही तेव्हाच कळले. हवा भरायच्या जागी पाणी भरण्याची पद्धत आमच्या बँकेतही होती, पण ती ताळेबंदात.

पाते लटकते ते तीन दांड्यांच्या जोडणीवर. ही जोडणी रूढ केली हॅरी फर्ग्युसन या गृहस्थाने. त्याआधी अवजार साखळीने ओढत असत आणि नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर होऊन तो चालकासह मागे उलटत असे; फर्ग्युसनच्या जोडणीत अवजाराचा ताण उलट ट्रॅक्टरला जमिनीशी दाबून धरतो. इथपर्यंत सारे उत्तम. पण या गृहस्थाने १९३८ साली हेन्री फोर्डशी ट्रॅक्टर बनवण्याचा करार केला तो निव्वळ हस्तांदोलनावर! ना कागद, ना स्टॅम्प, ना जामीन. पुढे फोर्डच्या नातवाच्या कारकिर्दीत व्हायचे तेच झाले, प्रकरण कोर्टात गेले आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलर देऊन फर्ग्युसनचा दावा मिटवावा लागला. मी हे वाचून रात्री उठून बसलो. प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर दोन सक्षम जामीनदारांशिवाय मी त्यांना हातात हात देऊच दिला नसता.

टू-व्हील की फोर-व्हील हा प्रश्न चढाने सोडवला. ओल्या मुरमावर चढताना पुढची चाके ओढतात हे तर आहेच; पण ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणपणे मागच्या चाकांनाच असतात, आणि उतरताना फोर-व्हील लावले तर इंजिनाचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो, हे ऐकल्यावर सौभाग्यवतींनी प्रथमच चर्चेत भाग घेऊन “तोच घ्या” असे सांगितले. रुंदीचा प्रश्न मात्र अडून बसला. आपल्याकडचे हे छोटे ट्रॅक्टर प्रामुख्याने बागेसाठी बनतात. नारायणगावच्या द्राक्षबागेत दोन ओळींच्या मधून अंग चोरून जाता यावे म्हणून ते अरुंद असतात. माझ्याकडे द्राक्षे नव्हती, उतार होता, आणि आडव्या उतारावर अरुंद ट्रॅक्टर कलंडण्याची शक्यता अधिक. मागच्या चाकांच्या रिम उलट बसवून चाकांमधले अंतर वाढवता येते, असे कळले. अंतर वाढले की पातेही रुंद हवे, कारण पाते तिरपे केल्यावरही त्याने दोन्ही चाकांचा माग झाकला पाहिजे. न झाकल्यास आपण पुसलेल्या चाकोरीशेजारी आपणच नवी चाकोरी पाडत जातो. पाच फुटी पात्यावर मी आणि भाचा यांच्यात तीन रविवार खर्ची पडले.

अखेर मी सारे कागद घेऊन शेजारच्या आबांकडे गेलो. ज्यांच्या भातखाचरात आमचा मुरूम गेला होता तेच हे आबा. त्यांनी तक्ता लांब धरून पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, “साहेब, ९८ साली आमच्या ट्रॅक्टरचं प्रकरण तुमच्याच टेबलावर आलं होतं.”

मला घाम फुटला. मला ते प्रकरण आठवत नव्हते, पण त्यावर मी काय लिहिले असेल हे पाठ होते: जिरायत क्षेत्र अपुरे, वर्षभराचे काम नाही, परतफेडीची क्षमता शंकास्पद, सबब नामंजूर. आबांनी चहा पुढे केला आणि शांतपणे विचारले, “तुमचं क्षेत्र किती?” मी म्हणालो, २८ गुंठे. “बागायत?” नाही. “वर्षाला ट्रॅक्टरला काम किती?” मी सहा तास असे सांगितले. आबांनी “हं” म्हटले आणि आणखी साखर हवी का ते विचारले. एवढा सभ्य नकार मी आयुष्यात कोणाला दिलेला नाही.

मग ते माझ्याबरोबर वाटेवर आले. जुलैचा पाऊस चालू होता. छत्री घेऊन १० मिनिटे उभे राहिल्यावर त्यांनी हाताने दाखवले की घराच्या छपराचे आणि वरच्या टेकाडाचे सारे पाणी थेट वाटेच्या डोक्यावर येते. “पाण्याला वाट दिली नाही, तर ते तुमची वाट लावणारच की,” ते म्हणाले. वरच्या अंगाला एक चर, मध्ये एक पाइपाची मोरी आणि वाटेच्या मधोमध थोडा फुगवटा, म्हणजे पाणी दोन्ही कडांना जाईल, एवढे सांगून ते भात पाहायला निघून गेले. चर आणि मोरी दोन मजुरांनी चार दिवसांत केली. ट्रॅक्टरची गरज यामुळे आणखी निम्म्याने कमी झाली, हे मी घरी सांगितले नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि माझी थांबण्याची शेवटची सबब संपली. ऑक्टोबरात २४ अश्वशक्तीचा, फोर-व्हील, पाच फुटी पात्यासह असा ट्रॅक्टर आला. कर्ज काढले नाही. मी स्वतःच्या प्रकरणावर मनातल्या मनात टिपणी लिहून पाहिली होती आणि ती कोणत्याही शाखेत मंजूर झाली नसती.

पहिल्या रविवारी मी वाट सपाट करायला घेतली आणि तासाभरात तिच्यावर समुद्राच्या लाटा उमटल्या. कारण साधे होते. छोट्या ट्रॅक्टरची लांबी कमी. पुढचे चाक खड्ड्यात गेले की मागचे पाते वर उचलले जाते, चाक उंचवट्यावर चढले की पाते जमिनीत रुतते, आणि अशा रीतीने मूळच्या प्रत्येक खड्ड्याची साक्षांकित प्रत मागे तयार होत जाते. आबा कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी “भात लावायचाय का?” असे विचारले आणि गोठ्यातून चिखलणीनंतर खाचर सपाट करायची आठ फुटी सागवानी फळी आणली. ती साखळीने मागे तिरपी जोडली, वर दोन दगड ठेवले आणि मला पहिल्या गिअरमध्ये सरळ वरखाली जायला सांगितले. लांब असल्यामुळे ती फळी दोन लाटांवर एकदम टेकत होती आणि उंचवट्याची माती खड्ड्यात सारत होती. अर्ध्या तासात वाट गुळगुळीत झाली. सहा लाखांचा ट्रॅक्टर आणि बैलांच्या मागे आयुष्य काढलेली फळी यांपैकी श्रेय कोणाचे, यावर आमच्या घरी अद्याप एकमत नाही.

तेव्हापासून आबा महिन्यातून एकदा तपासणीला येतात. कर्ज दिल्यावर मीही असाच येत असे आणि ट्रॅक्टर जागेवर आहे ना, विकून तर टाकला नाही ना, म्हणजे कर्जाचा विनियोग बरोबर आहे ना, हे पाहून शेतकऱ्याच्या शेंगा खात असे. आबा ट्रॅक्टरला एक फेरी मारतात, चासी नंबर बोटाने पुसून वाचतात, टायर दाबतात आणि मग ओसरीवर बसून पोहे खातात. परवा त्यांनी चष्मा लावून तासांचे मीटर पाहिले.

“चार महिने झाले साहेब, अकरा तास भरले,” ते म्हणाले. “पहिली सर्व्हिस पन्नास तासांना आहे म्हणता?”

मी होय म्हणालो. आबांनी पोह्यांवर लिंबू पिळले.

“मग विनियोग बरोबर आहे असं लिहू, का आणखी एकदा येऊन बघू?”