ब्रॉडवेच्या शोआधी जेवायचं कुठे? माझं उत्तर : इटालियन, आणि तेही पाच वाजता

न्यू जर्सीतली आपली बरीच मराठी घरं उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-बाबांना न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक दाखवायला नेतात. तिकिटांसाठी आठवडेच्या आठवडे वेबसाइट चाळतात, डफी स्क्वेअरला टीकेटीएस या सवलतीच्या तिकीट-खिडकीच्या रांगेत उभं राहून निम्म्या किमतीत काही मिळतंय का बघतात. जेवणाचं मात्र ‘बघू तिथे गेल्यावर’. मग ऐन वेळी टाइम्स स्क्वेअरच्या झगमगाटात जे पहिलं दिसेल तिथे शिरायचं, नाहीतर कोपऱ्यावर उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलून थिएटरकडे पळायचं. मला याचं खरंच वाईट वाटतं. इतक्या हौसेने ठरवलेली संध्याकाळ, आणि तिची सुरुवात अशी धावपळीत?

आपल्याकडे नाटकाचं खाणं मध्यंतरात होतं. शिवाजी मंदिर असो नाहीतर बालगंधर्व, बटाटेवडा आणि चहा हा नाटकाचाच भाग. ब्रॉडवेवर ती सोय नाही. मध्यंतर साधारण पंधरा मिनिटांचं, त्यातला मोठा भाग स्वच्छतागृहाच्या रांगेत जातो, आणि बारवर मिळतं ते ड्रिंक्स, चॉकलेट, चिप्स. म्युझिकल अडीच तास सहज चालतं. म्हणून पोटभर जेवण व्हायला हवं ते आधीच, आणि बसून.

इटालियनच का? एक तर शाकाहारी आई-बाबा, मांसाहारी नातवंडं आणि तिखट न खाणारी धाकटी, सगळे एका टेबलावर खाऊ शकतात. दुसरं म्हणजे वेळ. सुका पास्ता दहा-बारा मिनिटांत शिजतो, लझान्या आधीच भाजून ठेवलेली असते, पिझ्झा भट्टीतून काही मिनिटांत निघतो. रिझोटो, म्हणजे मऊसर इटालियन भात, मात्र शोआधी मागवू नका. नीट केला तर त्याला वीसेक मिनिटं नुसतं ढवळावं लागतं, आणि तुमचं लक्ष ताटाऐवजी घड्याळाकडे राहतं.

घड्याळ हाच या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. मधल्या वारी बरेच शो आता सातला सुरू होतात. उशीर झाला तर दारावरचे लोक सोयीचा क्षण येईपर्यंत आत सोडत नाहीत. म्हणून टेबल पाचचं घ्या. ‘पाचला कोण जेवतं?’ असं बाबा म्हणतीलच, पण त्या भागातल्या हॉटेलांना ही वेळ अंगवळणी पडलेली आहे. बसल्या बसल्या वेटरला सांगायचं, ‘आमचा सातचा शो आहे.’ पुढचं वेळापत्रक तो सांभाळतो. बिल मात्र मुख्य पदार्थ येतानाच मागून ठेवा.

आता जागा. पश्चिम 44व्या रस्त्यावरचं ‘जॉन्स ऑफ टाइम्स स्क्वेअर’ मला फार आवडतं. एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, वर रंगीत काचांचं छत, आणि कोळशाच्या भट्टीतला पातळ पिझ्झा. तिथे सुटे स्लाइस मिळत नाहीत, अख्खाच घ्यावा लागतो, पण चौघांत दोन पिझ्झा आणि एक सॅलड घेतलं की पोट भरतं. त्याच रस्त्यावर ‘कार्माइन्स’ आहे. तिथली एक थाळी तीन-चार जणांना पुरते. मेन्यूवरची किंमत बघून दचकू नका, तिला माणसांनी भागा. दोघंच असाल तर मात्र तिथे जाण्यात फारसा अर्थ नाही. 46व्या रस्त्याच्या आठव्या आणि नवव्या अ‍ॅव्हेन्यूमधल्या तुकड्याला ‘रेस्टॉरंट रो’ म्हणतात. तिथे ‘बेको’मध्ये एका ठरावीक दरात तीन प्रकारचे पास्ता हवे तितके वाढतात, वेटर भांडी घेऊन टेबलाटेबलाशी फिरतात. आग्रह करून वाढणाऱ्या पंगतीत वाढलेल्या आपल्या आई-बाबांना हे फार भावतं. तीन पास्ता कोणते हे रोज बदलतं, म्हणून त्यात मांस-मासळी आहे का, ते बसण्याआधीच विचारा. आणि याहून स्वस्त हवं असेल तर सरळ नववी अ‍ॅव्हेन्यू गाठा. टाइम्स स्क्वेअरपासून जसजसं पश्चिमेला जावं तसे दर उतरत जातात.

पैशांचं स्पष्ट बोलू या. मेन्यूवर 30 डॉलर लिहिले असतील तर शहरात लागणारा 8.875 टक्के टॅक्स आणि 20 टक्के टिप धरून खिशातून 39च्या आसपास जातात. ठरवताना हाच आकडा धरा. मोठा ग्रुप असेल तर टिप बऱ्याचदा बिलातच लावलेली असते. ती ओळ वाचल्याशिवाय वर आणखी देऊ नका. ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ म्हणजे बाटलीतलं साधं पाणी की बुडबुड्यांचं, असं विचारलं की ‘टॅप वॉटर’ म्हणा. न्यूयॉर्कच्या नळाचं पाणी उत्तम आहे आणि ते फुकट मिळतं. वेटर तोंडी ‘स्पेशल्स’ सांगतो तेव्हा बहुतेक वेळा किंमत सांगत नाही. ती विचारायची. त्यात कसलाही कमीपणा नाही.

शाकाहारींसाठी थोडं अधिक. पोमोदोरो (टोमॅटो सॉसचा पास्ता), अराबियाता (तोच, पण तिखट), वांग्याची पार्मिजाना (वांगं, टोमॅटो, चीज) हे सहसा चालतं. माझ्या सासूबाईंना सगळ्यात आवडला तो आल्यो ए ओल्यो पास्ता : तेलात लसूण आणि सुकी लाल मिरची, म्हणजे जवळजवळ आपली फोडणीच. पण पुतानेस्का सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्येही असतात, मिनेस्त्रोने सूप कधी कधी मांसाच्या स्टॉकमध्ये करतात, आणि ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. अस्सल पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने, बनतं. जे शाकाहार कटाक्षाने पाळतात त्यांना हे आधीच सांगायला हवं, आणि वेटरला ‘चीज नको’ म्हणून स्पष्ट सांगायला हवं. घरातल्या मोठ्यांना न सांगता खाऊ घालणं मला मुळीच पटत नाही.

शेवटचं, चालण्याबद्दल. मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण ब्लॉक छोटे, साधारण वीस ब्लॉक म्हणजे एक मैल. पण एका अ‍ॅव्हेन्यूपासून दुसरीपर्यंतचं अंतर बरंच जास्त असतं. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर नवव्या अ‍ॅव्हेन्यूवर वाचणाऱ्या पाच-दहा डॉलरांच्या मागे लागू नका, थिएटरच्या रस्त्यावरच टेबल घ्या. पोर्ट अथॉरिटी बस स्थानकावर न्यू जर्सीहून बसने येणार असाल तर लिंकन टनेलची संध्याकाळची गर्दी धरून घरून तासभर आधी निघा. तुम्हाला त्या भागातलं आणखी कुठलं परवडणारं, बसून जेवता येईल असं इटालियन ठिकाण माहीत असेल तर खाली नक्की लिहा. पुढच्या महिन्यात माझे आई-बाबा येत आहेत.