तोठरा

मी जेवत नाही, आत टाकतो, असं आईचं मत आहे. ते ती गेली चाळीस वर्षं दर जेवणाला मांडते. "दात कशाला दिलेत रे तुला?" मी म्हणतो, "फोटोत हसायला."

काल उशीर झाला म्हणून बुटाची नाडी बांधता बांधता शेवटचा घास कोंबला. कोरडा, आणि माझ्या घाईला शोभेल एवढा मोठा. दोनदा चावला असेन. गिळला, आणि छातीच्या मधोमध कुणीतरी पाट मांडून बसलं. तोठरा!

बायकोनं पाठीत घालायला हात उचललाच होता (जरा जास्तच उत्साहानं), पण मी थांबवलं. ठसका नव्हता, श्वास नीट चालू होता, तक्रारही करता येत होती. म्हणजे घास श्वासनलिकेत गेला नव्हता. गिळताना तिच्या तोंडावर झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो, आणि यातलं काहीच आपल्याला विचारून होत नाही. जिभेनं घास मागे लोटला की आपला अधिकार संपला. पुढे अन्ननलिका, जेमतेम 25 सेंटीमीटर. तिच्यात घास नुसता खाली पडत नाही. त्याच्या मागचे स्नायू आवळतात, पुढचे सैलावतात, आणि या लाटेवर तो आठ-दहा सेकंदांत जठराशी पोचतो. माणूस उलटा लटकला तरी गिळू शकतो तो यामुळेच. लहानपणी मी करून पाहिलंय. आईनंही पाहिलं, म्हणून एकदाच केलं.

माझा घास मात्र हलेना. मग मी आवंढ्यावर आवंढा गिळत सुटलो, आणि तिथेच फसलो. लागोपाठ गिळलं की प्रत्येक नवा आवंढा आधीची लाट मधेच थोपवतो. शेवटच्या आवंढ्याची काय ती खालपर्यंत जाते. म्हणजे सुटकेला निघालेल्यांना मीच वाटेतून परत बोलावत होतो. वर घटाघटा पाणी ओतलं. ते घासाच्या डोक्यावर साचलं आणि अशी कळ आली की डोळे भरून आले. मुलगी आत ओरडत गेली, "आजी, बाबा रडतोय!"

"गप्प बस जरा," आई म्हणाली.

बसलो. नळी ताणली गेली की ती आपणहून दुसरी लाट उठवते. ती आली. पाट दोन बोटं सरकला, थबकला, पुन्हा सरकला. गुळुक! मग एक ढेकर, शेजाऱ्यांनाही कळेल असा.

"आता हा माझ्यासमोर खा." आईनं तोच पदार्थ पुढे केला. ती मोजत होती, मी चावत होतो. अकरा, बारा... पंचविसाच्या आसपास तोंडात गोडवा उतरायला लागला. लाळेतलं अमायलेज पिष्टाची साखर करत होतं. शाळेत हे पाठ केलं होतं. तोंडात कधी टिकू दिलं नव्हतं.

"आई, यात साखर घातलीस?"

"घालतेय कशाला? आज चावलंस वाटतं," ती म्हणाली आणि आणखी वाढलं. एका पायाची नाडी अजून सुटलेलीच होती.