दमाचं निदान नको, ‘दम लागते’ पुरे

कापसाच्या हंगामात यवतमाळ-वर्ध्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात नवे रुजू झाला असाल, तर डॉक्टरसाहेब, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला (आयसीडी) एकच कोड पाठ करा: आर०६.०. म्हणजे दम लागणे. पेशंट ‘दम लागते जी’ म्हणत आला, तुम्ही तेच कार्डावर लिहून परत पाठवला, हिशेब जुळला. तपासूनही निदान हाती लागलं नाही तरच लक्षणाचा कोड लावावा, असं आयसीडीचं पुस्तक सांगतं. पुस्तकाला काय, त्याला ओपीडी नसते.

जरा भारदस्त हवं असेल तर विचारा, ‘बिडी पिता का?’ हो म्हणाला की जे४४.९, सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार. बाई असेल तर चुलीचा धूर आहेच. (उज्ज्वलाचं सिलिंडर घरात असलं तरी भरलेलं असेलच असं नाही, त्यामुळे हा मुद्दा सहसा वाया जात नाही.) स्पायरोमीटर (फुंकून श्वास मोजायचं यंत्र) मागू नका. तो कपाटात आहे, किल्ली फार्मासिस्टकडे आणि फार्मासिस्ट मीटिंगला.

एक प्रश्न मात्र चुकूनही विचारायचा नाही: ‘काम काय करता?’ त्याच्या भुवयांना चिकटलेली रुई दिसली तरी नाही. विचारलंत की तो सांगणार, जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) आहे. वर आणखी, ‘सुट्टी करून गेलो का पयल्याच दिशी छाती आवयते, मंग जरा बरं वाटते.’ झाली पंचाईत! सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळणारी छाती ही बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या रोगाची, जुनी खूण. त्याला जे६६.० हा स्वतंत्र कोड. शिवाय कायद्यानं कळवायच्या रोगांच्या अनुसूचीत घालून तो सरकारला कळवण्याचं काम डॉक्टरच्याच गळ्यात बांधलेलं. कळवण्याआधी ओपीडीबाहेरच्या वॉटर कूलरवरची देणगीदाराची पाटी वाचून या. वणीच्या खाणींकडे बदली झाली तर रुईच्या जागी कोळशाची धूळ, तिच्या रोगाचा कोड जे६०, पथ्य तेच.

पुढं पेशंट गेलाच, तर मृत्यूचं कारण लिहायच्या चार नंबरच्या फॉर्मवर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहा. हृदय आणि श्वास बंद न पडता मेलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही, तेव्हा तुम्हाला खोटं पाडणार कोण? मरण्याची रीत नको, आजार लिहा, असं त्याच फॉर्मवर छापलंय खरं. पण अक्षरं बारीक आहेत आणि बाहेर नातेवाईक ट्रॅक्टर चालू ठेवून उभे आहेत.