उदक खंय पावलां? (पाणी कुठवर आलं?)

२३ जून २०२५ हा सोमवार होता, म्हणजे आमच्या गोव्यातल्या साखळी गावचा बाजाराचा दिवस. दिवसभर पाऊस, तरी भाजीवाल्या बायका प्लास्टिक पांघरून तायकिळो (टाकळ्याची भाजी) घेऊन बसल्याच होत्या. दुकान बंद करून घरी आले, जेवणं झाली आणि वीज गेली. रात्री दहाच्या सुमारास मोबाइलवर बातमी आली, इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं डागली. माझा भाचा कतारमध्येच, दोह्यात नोकरीला. बहीण डिचोलीला एकटी. मोबाइलची बॅटरी सतरा टक्के. त्याला फोन लावत राहिले, लागेना.

अकरा वाजून गेल्यावर त्याचाच फोन आला. "मावशी, मोठे आवाज झाले, आता शांत आहे. मी बरा आहे, आईला सांग." आणि लगेच पुढचं वाक्य, "तिथे नदी किती चढली?"

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, वर्तमानपत्रंही ठेवते. सकाळी येणारी माणसं काय वाचतात ते रोज बघते. आधी पहिलं पान, लढाई कुठवर आली. मग गावोगावच्या पावसाचे आकडे, इंचांत. वाळपई किती, सांगे किती, आपली साखळी किती. शहरातल्या लोकांना वाटतं, गावातल्या माणसांना जगाच्या बातम्या कशाला हव्यात. अहो, इथल्या घराघरातलं कोणी ना कोणी आखातात किंवा जहाजावर आहे. १९९० साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले. त्या दिवसांत रेडिओला कान लावून बसलेले लोक आजही माझ्या दुकानात पेपर घ्यायला येतात. इथल्या लोहखनिजाचंही तेच. चीनला माल जायचा तेव्हा तिथल्या भावावर आमच्याकडे ट्रकाचे हप्ते फिटायचे. २०१२ला खाणी थांबल्या, सुरू झाल्या, २०१८ला परत थांबल्या, आणि वह्यांची उधारी किती महिने लांबते त्यावरून मला ते कळत गेलं. होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव इथल्या बायकांनाही पाठ आहे, कारण स्वयंपाकाचा बराचसा गॅस त्या चिंचोळ्या वाटेनेच देशात येतो.

म्हणजे लांबची बातमी आम्हाला पोचते, आणि वेळेवर पोचते. पोचत नाही ती नदीची.

काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका पहाटे शेजारच्या दुकानदाराने फोन करून उठवलं. जाऊन शटर उचललं तर आत गुडघाभर पाणी. शाळांसाठी भरलेला माल होता. खालच्या दोन फळ्यांवरच्या वह्या पाणी पिऊन इतक्या फुगल्या होत्या की फळीतून उपसून काढाव्या लागल्या. समासाची लाल रेघ पानभर पसरून गुलाबी झालेली. चित्रकलेच्या वह्यांचा तर लगदाच. चाळीस डझन वह्या मी त्या दिवशी हातगाडीवर घालून टाकल्या. धरणाचं पाणी सोडणार असल्याचा निरोप एका ग्रुपवर आला तेव्हा मी झाडूने चिखल लोटत होते.

नैसर्गिक आपत्ती म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण यातलं पुष्कळसं आधी कळण्यासारखं असतं. आमची वाळवंटी नदी चोर्ल्याच्या डोंगरातून येते. केरीला अंजुणे धरण आहे, त्याचं पाणी सोडलं की ते वाळवंटीतूनच साखळीला येतं. नदी चढली की बाजारातल्या नाल्याचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, मग पंप लावून ते नदीत टाकावं लागतं. वर घाटात रात्री किती पडला आणि धरण किती भरलं, एवढं कळलं तरी दुकानदाराला माल वरच्या फळीवर चढवायला वेळ मिळतो. मला दीड तास पुरतो.

आम्हाला मिळतं काय, तर "उत्तर गोव्यासाठी ऑरेंज अलर्ट". उत्तर गोवा म्हणजे पेडण्याच्या किनाऱ्यापासून सत्तरीच्या घाटापर्यंत. किनाऱ्यावर ऊन आणि वाळपईत धो धो, हे आम्ही दर पावसाळ्यात बघतो. पणजीच्या वेधशाळेत रडार आहे, ते आपलं काम करतं, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण अतिमुसळधार म्हणजे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर, हे बाजारातल्या किती जणांना उमजतं? साडेचार ते आठ इंच, असं सांगा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. माझ्या दुकानाचं छप्पर वीस चौरस मीटरचं. पाच इंच पडला की त्या एवढ्याशा पत्र्यावरूनच अडीच हजार लिटर पाणी रस्त्यावर येतं. हे शाळेत शिकवायला हवं, इथल्याच नदीचं आणि इथल्याच छपरांचं उदाहरण घेऊन.

२०२५ला पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला. अंगणात वाळत घातलेली सोलां (आमसुलं), मिरच्या, खारं (सुकी मासळी), कितीतरी घरांचा पुरुमेत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, भिजला. माझ्या सासूबाई असत्या तर आकाश बघून दोन दिवस आधी सगळं आत घेतलं असतं, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. आता आकाशही पूर्वीसारखं सांगत नाही, म्हणून तर आकडे हवेत.

या पावसाळ्यात मी एक केलंय. दुकानाबाहेर जुना शाळेचा फळा टांगलाय. वर खडूने पावसाचे इंच, खाली धरणाची पातळी, त्याखाली जगातली एक बातमी. मुलं शाळेत जाताना थांबून वाचतात. कालच भाजीवाली म्हातारी आली, तिला वाचता येत नाही, म्हणाली, "बाय, उदक खंय पावलां तें सांग." मी वाचून दाखवलं. तिने टोपल्या उचलून वरच्या पायरीवर ठेवल्या.

इंच पेपरात मिळतात, पण ते आदल्या दिवशीचे. धरणाची पातळी मात्र मला रोज कोणाला तरी विचारावी लागते. केरी, मोर्ले, पर्ये भागातल्या कोणाला ती सकाळी सातच्या आत कळत असेल, तर मला मेसेज करा. रात्री वर जोराचा पाऊस लागला तर वेळ बघू नका, फोनच करा. मी उचलते.