सहलीच्या यादीत नाव हवं असेल तर…

तुम्ही शिक्षक आहात, गे आहात आणि आता सांगून टाकावं म्हणताय? उत्तम. गेल्याच महिन्यात हा उपद्व्याप केल्यामुळे मार्गदर्शनाचा अधिकार मला आपोआप प्राप्त झाला आहे.

घरी सांगायचं ते गणपती, दिवाळी, बहिणीचं बाळंतपण आणि बाबांची साखर आटोक्यात आल्यावर. म्हणजे कधीच नाही.

आत्या म्हणेल, "मिरजेला एक डॉक्टर आहेत." असल्या 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच गैरवर्तन ठरवलंय, हे तिला ऐकवू नका. तिने नंबर लावून ठेवलेला असतो.

"लग्न कर, सगळं सुरळीत होतं." त्या मुलीचं काय, असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

शाळेत कायद्याचा आधार घ्या. समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा, शिक्षक दिनाच्या बरोब्बर दुसऱ्या दिवशीचा. मुख्याध्यापक "हो हो, वाचलंय" म्हणतात आणि सहलीच्या यादीतून तुमचं नाव खोडतात. "माझं काही नाही हो सर, पण पालक…" कुठले पालक, ते विचारू नका. अकरा वर्षं एसटीत पोरांच्या उलट्या पुसल्या मी. रात्री दीड वाजता तापलेलं पोर खांद्यावर टाकून महाडात दवाखाना शोधत फिरलो. तेव्हा मी कोण होतो? आणि मुलींच्या पाठीवर ज्यांचा शाबासकीचा हात जरा जास्तच रेंगाळतो, ज्यांच्याबद्दल मुली एकमेकींना सावध करतात, त्या सरांचं नाव यादीत पहिलं! बायको आहे, दोन मुलं आहेत. झाला चारित्र्याचा दाखला.

स्टाफरूममध्ये डबा उचलून पलीकडे बसणाऱ्यांना लोणचं पाठवा.

फारच नशीबवान असाल तर न्यायही मिळेल. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढला मराठीचे प्राध्यापक. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना त्यांच्या घरात कॅमेरे घुसले आणि निलंबित कोण झालं, तर सिरस. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ तारखेला घरात त्यांचा मृतदेह सापडला.

'मुलांवर परिणाम होईल' म्हणता ना? झाला. वर्ग सुटल्यावर एक जण दाराशी घुटमळला. कितवीतला, ते सांगणार नाही. म्हणाला, "सर, आईला सांगितलंत तेव्हा ती रडली का?" रडली, म्हटलं. दुसऱ्या दिवशी चहा नेहमीसारखाच दिला, हेही सांगितलं. तो दप्तराचा पट्टा पिळत तसाच उभा राहिला.

त्या पोराची काळजी आहे का तुम्हाला कुणाला? संस्कृती, संस्कार, पालक… सगळी सोंगं आहेत तुमची. स्वतःच्या भित्रेपणावर मुलांची नावं टाकता, लाज वाटू द्या जरा! सहलीला तोही येतोय. दोन रात्रींचा मुक्काम आहे. बोलावंसं वाटलं, तर बोलेल कुणाशी तो? शाबासकीवाल्या सरांशी?